ठकूमावशीची सावड

ठकूमावशी व्यायामाच्या वर्गाला येताना खुरपं घेऊन यायची. राजुरीतल्या देवळामागच्या हॉलमध्ये सकाळी सहाला आम्ही बायका जमायचो, कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी गाऊनवर ओढणी घेऊन. आणि ही बाई नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, डोक्याला टॉवेल गुंडाळून आत यायची, खुरपं खिडकीच्या गजाला अडकवायची आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन उभी राहायची. वर्ग सुटला की खुरपं काढून शेताची वाट. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं होतं, मावशी, दिवसभर रानात राबून तुझी हौस भागत नाही का, की इथे आणखी उड्या मारायला येतेस? ती म्हणाली, “रानात सारखं खाली वाकायचं असतं गं. हितं दोन्ही हात वर करायला मिळत्यात.” यावर मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या गावात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

मी सुमन. चौकात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वर्षानुवर्षं मशीनवर बसून वजन वाढलं, मग साखर वाढली, आणि तोंड तर आधीपासूनच वाढलेलं आहे असं आमच्या घरी म्हणतात. व्यायामाला मी डॉक्टरच्या धाकाने जायचे. ठकूमावशी मात्र मनापासून यायची. साठी ओलांडलेली, काटक, वेताच्या छडीसारखी बाई. तिचं माहेर मेंढपाळांचं. लहानपणी ती वडिलांच्या कळपामागे कुठच्या कुठे चालत गेलेली. आमचा वर्ग टीव्हीवर व्हिडिओ लावून चालायचा, त्यातली मुलगी जागच्या जागी चालायला सांगायची तेव्हा मावशीला हसू आवरायचं नाही. चालायचं आणि कुठे पोचायचं नाही, हे तिच्या बुद्धीला पटायचंच नाही. “मेंढरामागं हिंडलेल्या बाईला चालायला शिकवतीया ही पोर,” म्हणायची, आणि तरी सगळ्यांत जोरात चालायची.

नवरा लवकर गेलेला. मुलगा चाकणला कंपनीत, सुनेला आणि नातवाला घेऊन तिकडेच. तो चांगला मुलगा आहे, दर महिन्याला येऊन आईला चल म्हणायचा. मावशी जायची नाही. थोडीशी जमीन होती, ती तिने एकटीने कसली. पण एकटीने म्हणजे सावडीने. आमच्याकडे जुनी रीत आहे ही. आज मी तुझ्या रानात राबते, उद्या तू माझ्या रानात ये. मजुरी नाही की हिशेब नाही. कुठल्या घरातून कोण आलं हेही कुणी बघत नाही. सासूने केलेली सावड सून फेडते, जावेची जाऊ फेडते. हात आला म्हणजे झालं. हल्ली मजूर मिळतात, ट्रॅक्टर आलेत, त्यामुळे सावड बरीच मोडली. ठकूमावशीने ती मोडू दिली नाही.

तिची सावड नुसती शेतापुरती नव्हती. एकदा मी तापाने पडले होते तर न सांगता आली, भांडी घासली, भाकरी थापल्या आणि गेली. मी आपली भारावून गेले. आठ दिवसांनी दुकानात येऊन उभी. म्हणाली, “चल, आता तुझी पाळी. गोधडीला टाकं घालायचंत.” गिऱ्हाईक बसलेलं, लग्नाचे ब्लाउज पडलेले, पण तिच्यापुढे कुणाचं चाललंय? मी गेले. टाके घालता घालता मी कुरकुर केली तेव्हा तिने मला तिचं नेहमीचं ऐकवलं, “सावड अंगावर ठिवून मरू न्हाई, सुमन. पुढल्या जन्मी त्या घरचा बैल व्हावं लागतं.” मी म्हटलं, मला बैल झालेलं चालेल, निदान टाके तरी घालावे लागणार नाहीत. दोघी खूप हसलो.

मग ते पट्टे आले. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजचा काहीतरी अभ्यास होता, गावाकडच्या बायका एकत्र व्यायाम करतात तेव्हा नेमका किती होतो ते मोजायचं. केतकी मॅडम म्हणून एक गोड, हडकुळी मुलगी पट्टे घेऊन आली. घड्याळासारखा काळा पट्टा मनगटावर बांधायचा, दिवसभर ठेवायचा. काळजाचे ठोके मोजणार, हालचाल मोजणार. हॉलमधल्या जुन्या टीव्हीच्या जागी मोठा टीव्ही लावला. वर्ग चालू असताना त्याच्यावर एका बाजूला आमची नावं दिसायची आणि प्रत्येक नावापुढे एक छोटं हृदय धडधडत असायचं. निवांत असलात तर हिरवं, दमलात तर पिवळं, आणि फार जोर लावला तर लाल. मॅडमनी एकदा कौतुकाने म्हटलं होतं की वा, आज किती जणी लाल! झालं. त्या दिवसापासून लाल होणं ही आमची शर्यत झाली.

पट्टे फक्त चाळिशीच्या पुढच्या बायकांना होते. आमच्या शेजारची संगीता, पंचविशीची पोर, ती टीव्ही लावायची, बंद करायची, सगळं सांभाळायची. पण तिला पट्टा नव्हता, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं. मॅडमनी जाताना एक बजावून सांगितलं. पट्टा रोज वर्गात आला पाहिजे. खाडे फार पडले तर तो परत घेऊन दुसरीला द्यावा लागेल. पुढे त्या पुण्याहून महिन्यातून एकदा टीव्हीवरच दिसायच्या. बाकी सगळं आपोआप त्यांच्याकडे पोचत होतं म्हणे.

खाडा हा शब्द त्यांनी वापरला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. कारण खाडा पडू नये यासाठी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा एकच उपाय आहे. माझा पाय मुरगळला. दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि घोटा फुगून हा एवढा झाला. आता पट्टा जाणार म्हणून मी रडकुंडीला आलेली. ठकूमावशी म्हणाली, त्यात काय रडायचं? तुझा पट्टा मी चालवते. सकाळी जाताना घेऊन जाते, येताना दुकानात देते. पाय बरा झाला की तू मला सावड दे.

मी म्हटलं, मग दोन्ही पट्टे बांध, एक या हाताला, एक त्या हाताला. यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी कुणाच्या रानातला ऊस मोडायला सांगितला. एका अंगाने दोन घरची सावड फेडायची नसते. ती लबाडी झाली. तिने स्वतःचा पट्टा काढला आणि संगीताला दिला. संगीताकडे तिची लसूण लावणीची सावड बाकी होतीच. पोर एवढी हरखली की तिने तो पट्टा दिवसरात्र हातावरून काढला नाही. आता रोज सकाळी टीव्हीवर माझ्या नावाने ठकूमावशी धडधडायची आणि ठकूमावशीच्या नावाने संगीता. मी घरात अंथरुणावर पाय उशीवर ठेवून आरामात. सगळ्या बायकांना ठाऊक होतं, आणि कुणालाही त्यात वावगं दिसत नव्हतं.

मावशी रोज पट्टा आणून द्यायची आणि अभिमानाने सांगायची, “आज पण लाल केलं तुझं नाव. पयल्या उडीला लाल.” मी म्हणायचे, कर बाई, माझ्या सात पिढ्यांत कुणी एवढा व्यायाम केला नव्हता. तेवढ्यात महिन्याच्या गप्पांसाठी केतकी मॅडम टीव्हीवर आल्या, आणि त्यांनी सगळ्यांसमोर ठकूबाईंचं नाव घेतलं. या वयात इतकं छान हृदय, अगदी पंचविशीतल्या मुलीसारखं! बायकांनी टाळ्या वाजवल्या, संगीता तोंडाला पदर लावून हसत राहिली. घरी येऊन मावशीने मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, अगं, पट्टा संगीताच्या हातात आहे ना? तर ती म्हणाली, “शेत माझं म्हणल्यावर पीक माझंच. खुरपणी कुणी का करंना.”

या उत्तराला मी हसले. पटलंसुद्धा, खरं सांगते.

मधे एकदोन दिवस ती पट्टा द्यायला आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. ती कधी बसायची नाही. घाम पुसत होती, फाल्गुनातल्या सकाळी. मी पाणी दिलं, काय होतंय विचारलं. काही नाही म्हणाली, छातीवर जरा पाटा ठेवल्यासारखं वाटतं, जाईल. मग स्वतःवरच चिडली. अंगात आळस भरलाय, दुसरं काय. मॅडमनी सगळ्या गावापुढे सांगितलं की काळीज पोरीचं आहे, आणि आपण म्हातारीसारखं पायरीवर बसायचं, शोभतं का? उठली, खुरपं घेतलं आणि गेली.

पुढच्याच आठवड्यात मला पुण्याहून फोन आला. केतकी मॅडमचा आवाज कापत होता. सुमनताई, आज काहीही काम करू नका, घाबरू नका, पण ताबडतोब दवाखान्यात जा. तुमच्या हृदयाचे ठोके व्यायामात फार बिघडतायत, आमच्या डॉक्टरांनी बघितलंय, थांबू नका. घाबरू नका असं सांगणाऱ्याइतकं घाबरवणारं कुणी नसतं. माझ्या हातातली कात्री खाली पडली. आमच्या ह्यांनी दुकानाचं शटर अर्धंच ओढलं आणि मला गाडीत घालून नारायणगावला नेलं. तुम्ही म्हणाल, एवढं साधं कसं सुचलं नाही. काळजाचं नाव निघाल्यावर माणसाला काही सुचत नाही. मी वाटेत पोरांचा विचार करत होते, अर्धवट शिवलेल्या ब्लाउजांचा विचार करत होते, माझ्यामागे हे कुणाशी लग्न करतील याचाही केला.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, फोटो काढले, जेल लावून काळीज पडद्यावर बघितलं. डॉक्टर वयस्कर होते, शांत. म्हणाले, बाई, वजन कमी करा, साखर सांभाळा, बाकी हृदय ठणठणीत आहे. ह्यांनी तिथेच हात जोडले. मग डॉक्टरांनी पुण्याहून माझ्या फोनवर आलेले ते आलेख चष्मा लावून नीट बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. दिवसभर काही नाही, रात्री काही नाही. बिघडतं ते रोज सकाळी सहा ते सात. त्यांनी विचारलं, या वेळात तुम्ही काय करता?

मी म्हटलं, “झोपलेली असते.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे. आणि मग मला ठकूमावशी दिसली, दुकानाच्या पायरीवर बसून घाम पुसणारी. ह्यांनीच सगळं सांगितलं, पाय मुरगळल्यापासून. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. ती बाई आता कुठे आहे, म्हणाले. तिला चालवू नका, काही उचलू देऊ नका, लगेच आणा.

ती संगीताच्या रानात होती, कांदा काढायला. फोन लावला तर संगीता म्हणाली, मावशी येत नाही म्हणते, हसतेय, सुमनचं डोकं फिरलंय म्हणते. आम्ही तसेच मागे फिरलो. दुखऱ्या पायाने मी त्या वाफ्यांमधून कशी गेले मला माहीत नाही. कांदा उपटून पडलेला, बायका ओळीने बसून पात कापत होत्या, आणि ठकूमावशी त्यांच्यात मधोमध. मला बघून म्हणाली, बघा, लंगडी पळायला लागली, आता हिचा पट्टा हिचा हिनेच चालवावा.

मी तिच्यासमोर मातीत बसले आणि सांगितलं. ते बिघडलेलं काळीज माझं नाही, तुझं आहे. ती ऐकेना. मॅडम काय म्हणाल्या ते तिने मला पुन्हा ऐकवलं. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या ते खोटं का? मी संगीताचा हात धरला, पट्ट्यासकट तिच्यापुढे केला आणि ओरडलेच, की हे काळीज या पोरीचं आहे मावशी, हिचं! हिच्यात आणि तुझ्यात सावड होत नाही गं! संगीता पांढरीफटक पडली. तिला तोवर उमजलंच नव्हतं की आपण काय बांधून फिरतोय. पात कापणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले.

मावशीने त्या पट्ट्यावरून मातीचं बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “म्हंजी मला जे व्हत व्हतं, ते खरं व्हतं?”

मला वाटतं, त्या एका वाक्याने मला जेवढा धक्का बसला तेवढा पुढे घडलेल्या कशानेही बसला नाही. कितीतरी दिवस या बाईच्या छातीत दुखत होतं, आणि स्वतःच्या छातीवर तिचा विश्वास नव्हता. तिने तो संगीताच्या मनगटावर ठेवला होता. मला त्या क्षणी केतकी मॅडमचा राग आला, पट्ट्याचा आला, टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा आला. शेत माझं तर पीक माझं, असं ती म्हणाली तेव्हा आम्ही हसलो होतो.

ती मग निमूट उठली. आमची गाडी रानात शिरत नव्हती, म्हणून कांद्याच्या पिकअपमध्ये गोणपाटं टाकून तिला बसवली. ओळ अर्धी राहिली म्हणून तिने दोनदा मागे वळून बघितलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासून लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्याजवळ बसले. मुलगा चाकणहून निघून वाटेत भेटणार होता. ती शुद्धीवर होती. ऑक्सिजनच्या नळीमुळे बोलायला त्रास होत होता, तरी बोलत होती. मंचर गेलं तेव्हा तिने मला विचारलं, पाय कसा आहे. मी बरा म्हटलं. म्हणाली, “मग उद्यापासून तुझं तू जा. माझं झालं.”

मी म्हटलं, असं बोलू नको, माझ्यावर तुझी सावड आहे, ती घेतल्याशिवाय तुला जाता येणार नाही. त्यावर ती हसली. पेठ गाव यायच्या आधी तिचा हात माझ्या हातात सैल पडला. ॲम्ब्युलन्सवरच्या मदतनीस पोराने छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली, घामाने निथळला पोरगा. पुण्यापर्यंत गेलो, पण मला पेठलाच कळलं होतं. रस्त्याच्या कडेला शाळेतून सुटलेली मुलं चालली होती, एसटीला हात करत होती. सगळं तसंच चालू होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

केतकी मॅडम दहाव्याला आल्या होत्या. फार रडल्या. आम्ही सांगायला हवं होतं, पट्टा ज्याचा त्यानेच बांधायचा असतो, पण हे सांगावं लागेल असं आमच्या मनातच आलं नाही, म्हणाल्या. मला त्यांची कीव आली. आमच्या तरी कुठे आलं होतं? पट्टा काम मोजतो असं आम्हाला वाटलं, आणि काम कुणीही कुणाचं करावं, ही तर आमची रीत. पट्टा माणूस मोजत होता.

त्यानंतर आम्ही सगळ्या जणी तिच्या रानात गेलो. तिचा कांदा काढायचा राहिला होता. मी आयुष्यात कांदा उपटलेला नाही, माझी नखं मोडली, कंबर धरली, तरी शेवटची ओळ होईपर्यंत उठले नाही. पण ती सावड फिटली असं मला वाटत नाही. त्या हिशेबाने पुढल्या जन्मी बैल मलाच व्हावं लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही हॉलमध्ये जमलो. व्यायाम करायचं कुणाच्या मनात नव्हतं, नुसतं एकत्र बसायचं होतं. कुणीतरी सवयीने टीव्ही लावला. आमची नावं एकेक करून उगवली, सगळी हिरवी. आणि सगळ्यांत वर ठकूबाई. नावापुढचं हृदय धडधडत होतं, सावकाश, एकसारखं, पंचविशीतल्या मुलीसारखं. एक बाई किंचाळली. क्षणभर मला वाटलं की आम्ही पुण्याच्या वाटेवर काहीतरी चुकीचं समजून आलो.

संगीता दारात उभी होती. आत यायचं तिचं धाडस होत नव्हतं. पट्टा तिच्या मनगटावर तसाच होता. रडून डोळे सुजलेले, आणि ती मला म्हणाली, “काकी, काढला तर ते बंद पडंल ना?”

तिला काढ म्हणायची माझी छाती झाली नाही. मी तिला हाताला धरून आत आणलं आणि पहिल्या रांगेत उभं केलं, आणि स्वतः तिच्या शेजारी उभी राहिले. मग दोन्ही हात वर केले.